संख्यांचा विस्तार होताना काय मिळतं आणि काय सुटतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नववीत आहे. नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक, परिमेय, अपरिमेय, वास्तव या सगळ्या संख्यांच्या व्याख्या तिला पाठ आहेत, आणि पुढे संमिश्र संख्या येणार असंही तिने ऐकलंय. ‘इतके प्रकार हवेत कशाला, आणि बीजगणित, भूमिती, कलनशास्त्र यांच्याशी त्यांचा संबंध काय?’ असं ती विचारते आणि वडिलांना तिचं समाधान होईल असं उत्तर देता येत नाही. संगणकातल्या बायनरी संख्या या यादीत कुठे बसतात, असाही एक उपप्रश्न आहे.

कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षं गणित शिकवत आलोय. हा प्रश्न नववीत पडावा यासारखी चांगली गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पाठ्यपुस्तकात हे संच एकात एक बसवलेल्या वर्तुळांनी दाखवतात. आकृती बरोबरच आहे, पण तिच्यातून एक गोष्ट कळत नाही. आतल्या वर्तुळातून बाहेरच्या वर्तुळात जाताना दर वेळी आपल्याला काहीतरी नवं करता येऊ लागतं, आणि दर वेळी आधीचा एखादा चांगला गुणधर्म कायमचा सुटतो. मिळालं काय आणि सुटलं काय, हे दर पायरीला विचारायची सवय लागली की व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत. गणिताच्या शाखा वेगवेगळ्या का झाल्या तेही त्यातूनच उलगडतं, कारण प्रत्येक शाखा संख्यांच्या कोणत्या ना कोणत्या गुणधर्मावर उभी असते.

आधी बायनरीचं बघू, कारण तिथे मुळातच गल्लत होते. संख्या वेगळी आणि ती लिहायची पद्धत वेगळी. जुन्नरजवळ नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञात दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात ब्राह्मी अंकांत कोरलेले आहेत. तिथे दहाला स्वतंत्र चिन्ह आहे, शंभराला वेगळं, हजाराला आणखी वेगळं. त्या पद्धतीत शून्याची गरजच पडत नाही. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालच्या शिलालेखात २७० हा आकडा आपण आज लिहितो तसाच, शेवटी शून्य घेऊन, स्थानिक किमतीने लिहिलेला आहे. दोन्हीकडे मोजायच्या संख्या त्याच, बदलली ती लेखनपद्धती. बायनरी म्हणजे द्विमान पद्धत ही अशीच लिहिण्याची एक रीत. १३ ला द्विमानात ११०१ लिहिलं तरी ती मूळसंख्याच राहते, कारण मूळसंख्या असणं हा संख्येचा गुण आहे.

काही गुण मात्र संख्येचे नसून लेखनाचे असतात. एक दशांश ही संख्या आपण ०.१ लिहून मोकळे होतो. द्विमानात तीच आवर्ती होते, ०.०००११००११… अशी न संपणारी. संगणकाला ती कुठेतरी तोडावी लागते, म्हणून बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी छापून येते. खंडित दशांश असणं हा लेखनाचा गुण आणि परिमेय असणं हा संख्येचा, हे त्या एका ओळीत दिसतं. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा सुप्रसिद्ध स्थिरांकही दशमान लेखनावरच उभा आहे. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तिथून पुढे ६१७४ च येत राहते, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतो. मुलीला हे जरूर करायला द्या, आणि मग विचारा: ० ते ७ असे आठच अंक असलेल्या लेखनपद्धतीत हेच चालेल का?

आता मूळ मुद्दा. नैसर्गिक संख्या: १, २, ३, पुढे न संपणाऱ्या. त्यांचा सगळ्यात मोठा गुण शाळेत कुणी सांगत नाही. नैसर्गिक संख्यांचा कुठलाही संच घ्या, रिकामा नसला की त्यात सर्वांत लहान संख्या असतेच. वर चढायला अंत नाही, पण खाली उतरताना कुठेतरी थांबावंच लागतं. साधं दिसणारं हे विधान फार ताकदीचं आहे, गणितातल्या कितीतरी सिद्धता त्याच्यावर टेकलेल्या आहेत. थोड्या वेळाने एक दाखवतो.

३ − ५ करता येत नाही म्हणून आपण शून्य आणि ऋण संख्या घेतल्या आणि पूर्णांकांत आलो. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त शून्य, धन आणि ऋण यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम स्पष्ट मांडले. वजाबाकी कायमची मोकळी झाली, सुरुवातीचं टोक मात्र गेलं: सर्वांत लहान पूर्णांक असा कुणी नाही.

इथे प्रत्येक वर्गात एक प्रश्न येतो, ऋण गुणिले ऋण धन का? कर्जाचं उदाहरण देऊन तो समजावू नये असं माझं ठाम मत आहे. कर्जाला कर्जाने गुणणं म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येत नाही आणि मूल गप्प बसतं, पटत काहीच नाही. त्याऐवजी हे करा. ४ + (−४) = ०, हे मान्य? मग (−३) × [४ + (−४)] = (−३) × ० = ०, हेही मान्य? आता वितरण गुणधर्माने कंस सोडवा: (−३) × ४ झाले −१२, त्यात (−३) × (−४) मिळवले की बेरीज शून्य यायला हवी. −१२ मध्ये काय मिळवल्यावर शून्य येतं? १२. सुटलं. हा नियम कुणी लादलेला नाही, जुने नियम मोडायचे नसतील तर दुसरं उत्तरच शक्य नाही. संख्यांचा विस्तार नेहमी याच तत्त्वाने होतो: नवीन संख्या येऊ द्या, पण बेरीज-गुणाकाराचे जुने नियम शाबूत ठेवा.

पूर्णांकांत भागाकार नेहमी होत नाही, १७ भागिले ५ केल्यावर बाकी २ उरते. ही अडचण आहे असं वाटतं, पण अंकशास्त्र (नंबर थिअरी) नावाची गणिताची अख्खी शाखा या बाकीवरच जगते. विभाज्यता, मसावि, लसावि, मूळसंख्या या सगळ्याला अर्थ आहे तो भाग कधी जातो आणि कधी जात नाही म्हणून. परिमेय संख्यांत आलं की शून्य सोडून प्रत्येक संख्येने प्रत्येक संख्येला भाग जातो. तिथे मूळसंख्या ही कल्पनाच विरघळून जाते.

तर परिमेय संख्या घेतल्यावर भागाकार मिळाला आणि ‘पुढची संख्या’ गेली. ३ नंतर ४ हे पूर्णांकांत ठीक होतं. १/३ नंतरचा अपूर्णांक कोणता? कुठलाही सांगा, दोघांच्या मध्ये आणखी एक दाखवता येतो, त्यांची सरासरीच घ्या. १/३ आणि १/२ च्या मध्ये ५/१२, १/३ आणि ५/१२ च्या मध्ये ३/८, आणि हे थांबत नाही.

शून्याने भागायला मात्र इथेही मनाई आहे, त्यामागचं कारण नीट सांगायला हवं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तिच्यात काहीही मिळवलं किंवा काढलं तरी ती बदलत नाही असं सांगितलं. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख आहे. खहराची कल्पना भव्य आहे. पण ही राशी बाकीच्या संख्यांच्या पंगतीला बसवून पाहिली तर काय होतं बघा. १ भागिले ० ला ख म्हणू. म्हणजे ख × ० = १. पण कुठल्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्य येतं, हे वितरण गुणधर्मातून निघतंच. म्हणजे ० = १, आणि मग सगळ्या संख्या एकच. इथे सुटतंय ते इतकं मोठं आहे की मिळवण्यासारखं काही उरत नाही. म्हणून मनाई.

अपूर्णांक इतके दाटीवाटीने बसलेले आहेत, तर संख्यारेषा भरली असेल ना? भरलेली नाही, आणि हे भूमितीने दाखवून दिलं. १ बाजू असलेल्या चौरसाचा कर्ण √२. समजा √२ = अ/ब, आणि हा अपूर्णांक संक्षिप्त रूपात आहे, म्हणजे अंश-छेदात १ शिवाय सामाईक विभाजक नाही. वर्ग केला की अ² = २ब². डावी बाजू सम, म्हणून अ सम, कारण विषम संख्येचा वर्ग विषमच येतो. अ = २क लिहा. ४क² = २ब², म्हणजे ब² = २क², म्हणजे ब ही सम. दोघेही सम असतील तर अपूर्णांक संक्षिप्त रूपात कसा? विसंगती. प्रत्येक अपूर्णांकाला संक्षिप्त रूप असतंच, याची खात्री कुठून आली ते मुलीला विचारा. ती येते नैसर्गिक संख्यांच्या त्या गुणातून: छेद लहान लहान करत अनंतकाळ खाली उतरता येत नाही.

बौधायन शुल्बसूत्रात वेदी बांधण्यासाठी चौरसाच्या कर्णाची कृती दिली आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा आणि त्याचा चौतिसावा भाग वजा करा. १ + १/३ + १/१२ − १/४०८ म्हणजे ५७७/४०८. आता हातानेच गुणाकार करून पाहा. ५७७² = ३,३२,९२९. आणि २ × ४०८² = ३,३२,९२८. फक्त एकाचा फरक! एक किलोमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण या अपूर्णांकाने काढला तर चूक दोन मिलिमीटरच्या आसपास येते. वर दिलेली सिद्धता सांगते की अ² − २ब² कधीच शून्य होणार नाही, बौधायनाचा अपूर्णांक दाखवतो की ते १ होऊ शकतं. शून्य अशक्य असल्यावर पूर्णांकांत याहून जवळ जाताच येत नाही.

हा एकाचा फरक पुढे स्वतंत्र विषय झाला. क्ष² − नय² = १ या समीकरणाला पूर्णांक उत्तरं शोधणं म्हणजे ब्रह्मगुप्तांची वर्गप्रकृती. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला चक्रवाल पद्धतीने न = ६१ साठी उत्तर काढलं: क्ष = १,७६,६३,१९,०४९ आणि य = २२,६१,५३,९८०. धन पूर्णांकांतलं हे सर्वांत लहान उत्तर आहे, याहून लहान नाहीच. १६५७ मध्ये फर्मा याने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून हाच ६१ चा प्रश्न घातला, तेव्हा इथे तो सोडवून पाचशे वर्षं झाली होती. एका चौरसाच्या कर्णातून भूमिती, बीजगणित आणि अंकशास्त्र अशा तिन्ही शाखा कशा एकमेकींत गुंततात, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

रेषेवर √२ ची जागा आहे, परिमेय संख्यांत नाही, म्हणजे परिमेय संख्यांच्या रेषेत भोकं आहेत. बीजगणित भोकांसकट काही अंतर चालू शकतं: √२ हे नवं चिन्ह घ्या, त्याचा वर्ग २ मानून हिशोब करा, करणी सोडवताना आपण तेच करतो. कलनशास्त्राला मात्र भोकं अजिबात चालत नाहीत. य = क्ष² − २ हा आलेख घ्या. क्ष = १ असताना य ऋण, क्ष = २ असताना य धन. मध्ये कुठेतरी आलेख अक्षाला छेदणारच असं आपण डोळे मिटून म्हणतो. केवळ परिमेय संख्या असतील तर तो छेदत नाही, नेमका भोकातून निसटतो. सीमा ही कलनशास्त्राची मूळ कल्पना, तिचीही तीच गत. केरळात माधवाच्या परंपरेने दिलेली श्रेणी बघा: १ − १/३ + १/५ − १/७ + … कुठेही थांबलात तरी हातात परिमेय संख्याच असते. पण बेरीज ज्या संख्येकडे सरकत जाते ती पायचा चौथा भाग आहे, आणि पाय अपरिमेय आहे हे लॅम्बर्टने अठराव्या शतकात सिद्ध केलं. परिमेय संख्यांची वाट परिमेय संख्यांच्या बाहेर जाऊन पोचली.

न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कलनशास्त्र उभारलं, ग्रहांच्या कक्षा त्याने काढल्या गेल्या, पण ही भोकं बुजवलेली रेषा म्हणजे नक्की काय, याचं उत्तर दीर्घकाळ कुणी दिलेलं नव्हतं. डेडेकिंडला झुरिकमध्ये विद्यार्थ्यांना कलनशास्त्र शिकवताना हे बोचलं. १८५८ मध्ये त्याला मार्ग सापडला आणि १८७२ मध्ये त्याने तो छापला. परिमेय संख्यांचे दोन भाग करा, डावीकडचा प्रत्येक उजवीकडच्या प्रत्येकापेक्षा लहान. वर्ग २ पेक्षा मोठा असलेले धन अपूर्णांक उजवीकडे, बाकी सगळे डावीकडे. डाव्या भागात सर्वांत मोठी संख्या नाही, उजव्यात सर्वांत लहान नाही. मग हा छेद हीच √२ ही संख्या. इतकं धीट आणि इतकं सोपं.

वास्तव संख्यांनी आपल्याला सलगपणा दिला, बदल्यात गेली ती यादी. परिमेय संख्या कितीही दाट असल्या तरी त्यांना एकापुढे एक असे क्रमांक देता येतात: अंश आणि छेद यांची बेरीज २ असलेले धन अपूर्णांक आधी, मग ३ असलेले, मग ४, आणि ऋण अपूर्णांक त्यांच्या जोडीने. वास्तव संख्यांची अशी यादी होऊच शकत नाही, हे कँटरने १८७४ मध्ये सिद्ध केलं. १८९१ च्या त्याच्या दुसऱ्या सिद्धतेची कल्पना नववीतलं मूलही समजू शकतं: यादी झाली असं म्हणता? मग पहिल्या संख्येचा पहिला दशांश अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा असे घेऊन प्रत्येक बदला. तयार झालेली संख्या यादीतल्या प्रत्येकीपेक्षा कुठल्या तरी स्थानी वेगळी आहे. अंक बदलताना ० आणि ९ टाळायचे, कारण ०.९९९… आणि १ ही एकाच संख्येची दोन लेखनं आहेत. संभाव्यताशास्त्राचा याच्याशी थेट संबंध आहे. सलग चलाची, उदाहरणार्थ उंचीची, एखादी अचूक किंमत येण्याची संभाव्यता शून्य धरतात आणि म्हणून किंमत दोन मर्यादांच्या मध्ये असण्याची संभाव्यता काढतात, ते वास्तव संख्या अशा अगणित असल्यामुळेच.

भूमितीबद्दल एक गोष्ट जाता जाता. पट्टी आणि कंपास यांनी फक्त वर्गमुळांच्या पायऱ्या चढता येतात. घनमुळाची पायरी लागते म्हणून दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन पट्टी-कंपासने रचता येत नाही, हे वान्त्सेलने १८३७ मध्ये दाखवलं. पाय तर पूर्णांक सहगुणक असलेल्या कुठल्याच बहुपदीचं मूळ नाही, हे लिंडमनने १८८२ मध्ये, म्हणून वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरसही तसा रचता येत नाही. दोन हजार वर्षं भूमितीत अडकलेले प्रश्न शेवटी संख्या कोणत्या प्रकारची आहे हे ओळखून सुटले.

आता संमिश्र संख्या. क्ष² + १ = ० सोडवण्यासाठी √−१ आणलं असं पुस्तकात असतं. इतिहासात तसं झालं नाही, आणि खरी हकिगत सांगितली तर मुलांना त्या संख्या पटतात. ऋण संख्येचं वर्गमूळ नसतं, कारण ती कुणाचाच वर्ग नाही, असं भास्कराचार्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे. वर्गसमीकरणात तेवढ्यावर भागतं, विवेचक ऋण आला की ‘मुळे नाहीत’ लिहायचं. पेच पडला तो घन समीकरणात. क्ष³ = १५क्ष + ४ घ्या. ४ हे उत्तर आहेच: ६४ = ६० + ४. पण कार्डानोने १५४५ मध्ये छापलेल्या सूत्रात हे समीकरण घातलं की २ + √−१२१ चं घनमूळ अधिक २ − √−१२१ चं घनमूळ असं उत्तर येतं. उत्तर नाही म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण ४ समोर उभे आहेत! बोंबेली या इटालियन अभियंत्याने १५७२ मध्ये धीर केला. २ + √−१ चा घन नेहमीच्या नियमांनी काढा, √−१ चा वर्ग −१ धरून. ८ + १२√−१ − ६ − √−१ येतात, म्हणजे २ + ११√−१, आणि हेच २ + √−१२१. म्हणजे पहिलं घनमूळ २ + √−१, दुसरं २ − √−१. बेरीज ४. वास्तव प्रश्न, वास्तव उत्तर, आणि सूत्राने जायचं तर मधली वाट √−१ वरून. हा हिशोब फळ्यावर पूर्ण झाला की वर्गात ‘पण ही संख्या खरी आहे का’ हा प्रश्न राहत नाही.

१८०० च्या आगेमागे वेसेल आणि आर्गां यांनी संमिश्र संख्यांना प्रतलावर जागा दिली. −१ ने गुणलं की संख्यारेषेवरचा बिंदू १८० अंशांतून फिरतो. √−१ ने दोनदा गुणलं की −१ ने गुणल्यासारखं होतं, म्हणजे एकदा गुणलं की ९० अंशांतून फिरायला हवं. झालं. फिरणं आणि गुणणं एकच झालं, म्हणून आजही एसी विद्युतप्रवाहाचं गणित अभियंते संमिश्र संख्यांत मांडतात. बीजगणितालाही हवं ते मिळालं: जी नुसता स्थिरांक नाही अशा प्रत्येक बहुपदीला संमिश्र संख्यांत मूळ असतंच. आता क्रम गेला. √−१ धन मानलं तर त्याचा वर्ग −१ धन यायला हवा. ऋण मानलं तर −√−१ धन, त्याचाही वर्ग −१ च. दोन्हीकडे विसंगती. दोन संमिश्र संख्यांत मोठी कोणती, हा प्रश्न बेरीज-गुणाकाराशी जुळेल अशा रीतीने विचारताच येत नाही.

हॅमिल्टनला हे फिरणं प्रतलातून अवकाशात न्यायचं होतं. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना त्याला चार घटकांच्या संख्या सुचल्या, आणि त्यांत अ × ब आणि ब × अ वेगळे निघाले. क्रमनिरपेक्ष गुणधर्म सोडायला त्याच्याआधी कुणी धजलं नव्हतं. पण अवकाशातल्या फिरण्याला तो गुणधर्म नसतोच: मोबाइल टेबलावर ठेवून आधी उजवीकडे आडवा फिरवा आणि मग तुमच्याकडे उभा करा, नंतर हेच उलट क्रमाने करा, शेवटची स्थिती वेगळी येते. फोनला स्वतःची दिशा मोजण्यासाठी या चतुष्टयी संख्या आजही कामाला येतात.

इथून आधुनिक बीजगणित सुरू होतं. नजर संख्येवरून क्रियेवर जाते: कोणते नियम ठेवले आणि कोणते सोडले की काय उरतं? याचा एक नमुना तुमच्या खिशात आहे. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक तपासणी अंक असतो आणि तो वेर्होफ या डच गणितज्ञाच्या पद्धतीने काढतात. नियमित पंचकोन स्वतःवरच बसेल अशा हालचाली दहा: पाच फिरवण्याच्या, पाच उलटवण्याच्या. ० ते ९ या अंकांना त्या दहा हालचाली नेमून देतात आणि अंकांची बेरीज करण्याऐवजी हालचाली एकामागून एक करतात, सोबत स्थानानुसार अंकांची ठरावीक अदलाबदलही असते. फिरवून उलटवणं आणि उलटवून फिरवणं सारखं नसतं, म्हणून शेजारचे दोन अंक टाइप करताना उलटसुलट झाले की ते नेहमी पकडलं जातं, एक अंक चुकला तर तोही. बँक कार्डांच्या क्रमांकावर जी लून पद्धत चालते तिच्यात साधी बेरीज आहे, आणि तिथे ०९ चं ९० झालं तर चूक निसटते. क्रमनिरपेक्षता सोडण्याचा फायदा तो हा.

मुलीसाठी आता एक काम. √२ ची सिद्धता तिने वहीत लिहावी, मग तीच √३ साठी करावी. ‘सम’च्या जागी ‘३ ने भाग जाणारी’ इतकाच बदल, सिद्धता जशीच्या तशी चालते. त्यानंतर तोच युक्तिवाद √४ वर चालवायला सांगा. √४ तर २ आहे, परिमेय आहे, म्हणजे सिद्धता कुठेतरी मोडलीच पाहिजे. ती नेमकी कोणत्या ओळीत मोडते आणि का, हे तिला स्वतःला शोधू द्या. दोन दिवस लागले तरी सांगू नका. अडलीच तर ३६ आणि ६ एवढं म्हणा.